भय न शिकलेली बेटे

बेटांवरच्या पुस्तकांची समीक्षा करायला बसावे आणि निम्मा वेळ कासवांविषयी बोलावे, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला जरा चमत्कारिक वाटेल. पण गालापागोस बेटांच्या बाबतीत त्याला इलाज नाही. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर दूर, ऐन विषुववृत्तावर ही बेटे समुद्राच्या तळातून ज्वालामुखींनी वर काढली. ती कधीच कोणत्या खंडाला जोडलेली नव्हती. तेथे जे पोहोचले ते उडत, पोहत अथवा ओंडक्यांवर वाहत. म्हणून तेथे मूळचा बेडूक नाही, वाघ नाही, लांडगा नाही. आणि म्हणूनच तेथील पशुपक्ष्यांना माणसाला पाहून पळावे हे ठाऊक नाही. साळुंकीएवढा पक्षी पायाशी येऊन उभा राहतो. समुद्रसिंहाचे पिलू तुमच्याकडे एकवार पाहून पुन्हा झोपी जाते.

प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, या बेटांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाची कसोटी येथेच लागते. जो जीव आपल्याला भीत नाही, त्याच्यापुढे लेखक कसा वागतो? वर्णन, शैली, कल्पनाविलास या सर्व पुढच्या गोष्टी.

पहिला लेखी वृत्तान्त एका धर्मगुरूचा आहे. पनामाचा बिशप तोमास दे बर्लांगा १५३५ साली पेरूला निघाला होता. वारा पडला, प्रवाहाने जहाज भलतीकडे नेले आणि तो या बेटांवर जाऊन पोहोचला. प्यायला पाणी नव्हते. त्याच्या लोकांनी निवडुंगाची पाने चघळून तहान भागवली. पुढे त्याने स्पेनच्या राजाला पत्र लिहिले. त्यात प्रचंड कासवे आहेत, सरडे आहेत, दगडधोंड्यांचे रान आहे आणि हाताने धरता येणारे पक्षी आहेत. त्या पक्ष्यांना त्याने मूर्ख ठरवले. तहानेने कासावीस झालेल्या माणसाकडून अधिक अपेक्षा करणे बरे नव्हे. तथापि हा शब्द पुढे तीनशे वर्षे त्या जीवांना चिकटून राहिला. जो पळत नाही तो मूर्ख, हा न्याय शिकाऱ्याला फार सोयीचा असतो.

चार्ल्स डार्विन १८३५ च्या सप्टेंबरात ‘बीगल’ जहाजातून येथे आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. सुमारे पाच आठवडे तो येथे होता आणि चार बेटांवर उतरला. त्याचे प्रवासवर्णन १८३९ साली प्रसिद्ध झाले व १८४५ साली सुधारून निघाले. डार्विन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या दाढीचा, गंभीर मुद्रेचा वृद्ध येतो. या प्रकरणातला डार्विन मात्र सुट्टीत मामाच्या गावी आलेल्या पोरासारखा वागतो. तो कासवाच्या पाठीवर बसतो, कवचाच्या मागच्या बाजूला थापा मारून त्याला चालायला लावतो आणि तोल सांभाळता सांभाळता त्याची पुरेवाट होते. कासव दहा मिनिटांत साठ यार्ड चालते हे तो मोजून काढतो. बिळ खणणाऱ्या इग्वानाची – ही आपल्या घोरपडीची दूरची बहीण समजा – तो शेपटी ओढतो. ती बाहेर येऊन त्याच्याकडे असे काही पाहते की, शेपटी ओढण्याचे कारण काय, हे तिला विचारायचे आहे असे त्याला वाटते.

सर्वांत सुंदर प्रसंग समुद्री इग्वानाचा आहे. काळे, ओबडधोबड, त्याच्या मते कुरूप असे हे जनावर. डार्विन त्याला उचलून पाण्यात दूर फेकतो. ते पोहत पोहत सरळ त्याच्याच पायाशी परत येते. तो पुन्हा फेकतो, ते पुन्हा येते. दुसरा कोणी असता तर येथे हसून पुढे गेला असता, फार तर ‘मूर्ख’ म्हणाला असता. डार्विन थांबतो. या प्राण्याचे शत्रू पाण्यात आहेत, शार्क आहेत. जमिनीवर त्याला कधीच शत्रू भेटलेला नाही. म्हणून संकट आले की जमीन गाठायची हे त्याच्या रक्तात आहे, मग त्या जमिनीवर त्याला फेकणारा माणूसच का उभा असेना! बर्लांगाने जेथे मूर्खपणा पाहिला तेथे डार्विनला इतिहास दिसला. भय ही शिकण्याची गोष्ट आहे आणि ती एका पिढीत शिकून होत नाही, हा त्याचा निष्कर्ष पानेच्या पाने युक्तिवाद करून आलेला नाही; तो एका खोडकर खेळातून आला आहे.

याच प्रकरणात एक मुलगा आहे. चार्ल्स बेटावर एका विहिरीच्या काठी तो हातात छडी घेऊन बसला आहे. पाणी प्यायला पारवे आणि फिंच येतात, तो छडीने त्यांना मारतो. जेवणापुरता छोटासा ढीग झालाही आहे. डार्विन हे दोन-तीन वाक्यांत सांगतो आणि त्यावर हळहळीचा एक शब्दही खर्च करीत नाही. आजच्या वाचकाला ही अलिप्तता बोचते. मला ती या लेखनाचे बळ वाटते. कारण प्रकरणाच्या शेवटी तो जेव्हा लिहितो की, नवा शिकारी प्राणी एखाद्या प्रदेशात आणला तर तेथील जीवांना त्याची ओळख पटेपर्यंत केवढा संहार होत असेल, तेव्हा ती विहीर आपल्याला आपोआप आठवते. आणि डार्विन स्वतःही निर्दोष नाही. कासवाचे छातीचे कवच मांसासकट भाजले की फार चवदार लागते, असे तो मोकळेपणाने नोंदवतो. ‘बीगल’ने जाताना कासवे जहाजावर घेतली, ती वाटेत खाल्ली आणि कवचे समुद्रात टाकून दिली. त्याच बेटांवर निकोलस लॉसन या उपराज्यपालाने त्याला सांगितले होते की, कवच पाहून कासव कोणत्या बेटाचे ते मी ओळखतो. या वाक्याकडे आपण वेळीच पुरेसे लक्ष दिले नाही आणि दोन बेटांवरचे नमुने एकत्र करून बसलो, हे डार्विनने पुस्तकातच सांगून टाकले आहे. लंडनमध्ये १८३७ साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते फिंच पक्षी एकाच कुळातले पण निरनिराळ्या जातींचे आहेत हे ओळखले, तेव्हा कोठे खरा अर्थ उलगडू लागला. पण ज्या दाखल्यांनी तो सर्वांत लवकर उलगडला असता ते जेवणाच्या ताटातून गेले होते.

डार्विननंतर सहाच वर्षांनी, १८४१ साली, देवमाशांची शिकार करणाऱ्या ‘अकुश्नेट’ जहाजावर खलाशी म्हणून हर्मन मेलव्हिल या बेटांच्या परिसरात आला. ‘मोबी-डिक’ (१८५१) वाचकांनी नाकारल्यावर त्याने १८५४ साली ‘द एन्कांतादास’ ही दहा शब्दचित्रांची माला एका मासिकात टोपणनावाने लिहिली. या नावाचा अर्थ ‘मंतरलेली बेटे’. प्रवाह इतके लहरी की, जहाजांना बेटेच जागा बदलतात असे वाटे. स्पॅनिश खलाशांनी हे नाव त्यामुळे दिले.

शास्त्रज्ञाने कोरडे सत्य सांगितले आणि कवीने त्यातले गूढ उकलले, अशी या दोघांची वाटणी करण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. दोघांत अधिक प्रसन्न, अधिक खेळकर लेखक डार्विन आहे. मेलव्हिलला ही बेटे राखेचे ढिगारे दिसतात, शापित दिसतात. दुष्ट कप्तान मेल्यावर कासवे होतात ही खलाशांची समजूत तो चवीने सांगतो. त्याच्या लेखी कासव हे कासव राहतच नाही. ते शिक्षा भोगणारा जीव होते, वाटेतल्या खडकाला वळसा न घालता त्याला धडका देत बसणारे. रात्री डेकवर आणून ठेवलेली तीन कासवे अंधारात सरपटताना तो ऐकतो आणि युगायुगांचे काहीतरी आपल्या डोक्यावरून चालले आहे असे त्याला वाटते. आणि दुसऱ्याच दिवशी? तो सोबत्यांबरोबर त्यांचेच मांस आनंदाने खातो, कवचांची सूप वाढायची भांडी करतो. हा उपरोध त्याने जाणूनबुजून साधला आहे, आणि कबूल केले पाहिजे, तो अंगावर येतो. डार्विनने खाल्ले आणि लिहिले. मेलव्हिलने पूजले, मग खाल्ले आणि मग लिहिले.

दहाही चित्रे सारख्या तोलाची नाहीत. चाचे, बेटावरचा कुत्र्यांचा राजा, ओबर्लस नावाचा क्रूर एकांडा, यांतले बरेचसे डेव्हिड पोर्टर या अमेरिकन नौदल कप्तानाच्या रोजनिशीवरून व इतर जुन्या बखरींवरून घेतलेले आहे आणि उसनवारीचे सैलपण त्यात जाणवते. पण आठवे चित्र, हुनिल्लाचे, या सर्वांची भरपाई करते. पेरूतून आलेली ही तरुणी कासवांचे तेल काढण्यासाठी नवरा व भावासह एका ओसाड बेटावर उतरते. परत नेण्याचे वचन देणारा फ्रेंच कप्तान येत नाही. एके दिवशी तराफ्यावरून मासेमारीला गेलेले नवरा आणि भाऊ तिच्या डोळ्यांदेखत बुडतात. ती उंच कड्यावर झुडपांआड बसली आहे. फांद्यांच्या चौकटीतून ते दृश्य तिला एखाद्या चित्रासारखे दिसते, आवाजही येत नाही. नंतर ती एका वेतावर दिवसांच्या खुणा कोरते आणि एका टप्प्यावर कोरणे थांबवते. मध्यंतरी शिकारी होड्या तेथे येऊन गेल्या. तेव्हा काय घडले, ते मेलव्हिल सांगत नाही. वाक्य मध्येच तोडतो. एरवी शब्दांचा पूर आणणाऱ्या या लेखकाचे एवढे मौन मी दुसरीकडे पाहिले नाही. शेवटी जहाज तिला घेऊन निघते तेव्हा तिच्या दहाएक कुत्र्यांपैकी दोनच बरोबर घेता येतात. बाकीची किनाऱ्यावर आक्रोश करीत राहतात आणि ती मागे वळून पाहत नाही.

येथे मेलव्हिल डार्विनच्या पुढे जातो. भय न शिकलेल्या जीवांच्या बेटावर भय माणसालाच वाटते, आणि तेही माणसाचेच, हे डार्विनच्या वहीत बसणारे नव्हते.

पोर्टरविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. १८१३ साली त्याने सान्तियागो बेटावर चरायला काही शेळ्या सोडल्या. एका सकाळी त्या रानात निघून गेल्या आणि परतल्या नाहीत. त्याने ते सहज लिहून ठेवले. देवमाशांच्या शिकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक कासवे नेली असावीत असा अंदाज आहे, कारण उपाशी ठेवूनही जहाजाच्या तळाशी ती वर्षभर जिवंत राहत. उरलेल्यांचा चारा शेळ्यांनी संपवला. पिन्ता बेटावरचे अखेरचे कासव, ज्याला ‘एकाकी जॉर्ज’ म्हणत, २४ जून २०१२ रोजी मेले. सान्तियागोवरच्या रानटी शेळ्या पुरत्या नाहीशा करायला २००६ साल उजाडले.

आता या बेटांवर राष्ट्रीय उद्यान आहे (१९५९ पासून), परवानाधारक मार्गदर्शकावाचून उतरता येत नाही, प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहावे लागते, आणि वर्षाकाठी अडीच लाखांहून अधिक प्रवासी येतात. परदेशी प्रवाशाचे प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून दोनशे डॉलर झाले आहे. नियम चांगले आहेत. एस्पान्योला बेटावरच्या मॉकिंगबर्डला मात्र ते कोणी सांगितलेले नाहीत, तो पाण्याच्या बाटलीसाठी थेट पायाशी येतो. पण या प्रवासातून जे लेखन निपजते त्याविषयी उत्साहाने बोलवत नाही. निळ्या पायांचा बूबी पाहिला, पेंग्विन पाहिला, कासव पाहिले, अशी ती हजेरीपटाची नोंद असते. याचे एक कारण नावेतच आहे असे मला वाटते. आजची प्रवासी नाव बहुधा रात्री चालते. प्रवासी जेवून झोपतो आणि सकाळी नव्या बेटापाशी जागा होतो. मग छोट्या होडीतून किनारा, एखाद्या ठिकाणी गुडघाभर पाण्यात उडी, दोन तास पायवाट, की परत. बर्लांगाची तहान, मेलव्हिलचे जागा बदलणारे प्रवाह, हे सारे झोपेत निघून जाते. बेटे दूर आहेत हेच अशा पुस्तकांतून कळत नाही.

अपवाद आहेत. जोनाथन वायनरचे ‘द बीक ऑफ द फिंच’ (१९९४) हे त्यांतले श्रेष्ठ. पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून डॅफ्नी मेजर या खडकाळ बेटावर दरवर्षी जाऊन एकेका फिंचची चोच मोजली. १९७७ च्या अवर्षणात लहान मऊ बिया संपल्या, पक्षी धडाधड मेले, आणि जाड चोचीचे तेवढे टणक बिया फोडून जगले. पुढच्या पिढीची चोच मोजण्याइतकी मोठी निघाली. डार्विनला जे युगांत घडते असे वाटले ते या दोघांनी डोळ्यांनी पाहिले. वायनरची शैली कधीकधी नको तितकी गोड होते, वृत्तपत्री चटकदारपणाही अधूनमधून डोकावतो. पण एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या माणसांवरचे हे पुस्तक आहे आणि त्यामुळे त्यातले पक्षी हजेरीपटातले राहत नाहीत.

आपल्याकडचा वाचक एका बाबतीत या साऱ्याला अगदीच परका नाही. सह्याद्रीचा काळा कातळ हाही थंड झालेला लाव्हाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गालापागोसमधले फर्नांदिना बेट मात्र अजून घडतेच आहे. त्याचा ज्वालामुखी २०२४ च्या मार्चमध्ये पुन्हा पेटला.

ज्यांना ही पुस्तके या सुट्टीत वाचायची आहेत त्यांनी डार्विनच्या १८४५ च्या आवृत्तीतले सतरावे प्रकरण आधी घ्यावे. ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याजोगे आहे. इग्वानाला पाण्यात फेकण्याच्या भागाला घरात हटकून हशा पिकेल. विहिरीवरच्या मुलाचा परिच्छेद वगळू नये. हुनिल्लाची कथा मुले झोपल्यावर वाचावी, आणि एका बैठकीत.