थेट नाट्य आणि संहितेचा प्रश्न

दूरचित्रवाणीवरील थेट नाट्याचे पुनरुज्जीवन व्हावे, ही अमेरिकेत अधूनमधून होणारी मागणी दोन भिन्न गोष्टी एकत्र करते. एक, प्रक्षेपणाचा थेटपणा. दुसरी, दर आठवड्यास नवी, स्वयंपूर्ण संहिता मागणारा स्फुट-नाट्यमालिकेचा बंध. पहिलीचा संबंध तंत्राशी आहे, दुसरीचा लेखकाशी. पुनरुज्जीवनाच्या गाजलेल्या प्रयत्नांनी पहिली उचलली आणि दुसरी सोडून दिली.

‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ (१९४७–५८) किंवा ‘स्टुडिओ वन’ (१९४८–५८) यांच्या काळात थेटपणा हे कोणाचे सौंदर्यशास्त्रीय धोरण नव्हते. ती अडचण होती. उपयुक्त चित्रफीत-यंत्र १९५६पर्यंत उपलब्ध नव्हते. मात्र या अडचणीतूनच एक आविष्काररूप घडले. मोजके कॅमेरे, स्थळांतराची मर्यादा, लहान पडदा यांमुळे नाट्य बंद खोलीत आणि चेहऱ्यावर येऊन स्थिरावले. रेजिनाल्ड रोझ यांचे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ ‘स्टुडिओ वन’मध्ये २० सप्टेंबर १९५४ रोजी सादर झाले. त्यातील ज्यूरींची खोली ही कथेची गरज होती, तशीच माध्यमाचीही. ती खोली पुढे १९५७च्या चित्रपटात आणि ‘एक रुका हुआ फैसला’मधून (१९८६) हिंदीतही टिकली. माध्यम बदलले तरी त्याची मूळ मर्यादा संहितेच्या हाडीमासी उरते, ती अशी.

रॉड सर्लिंग यांच्या ‘पॅटर्न्स’चे उदाहरण अधिक बोलके आहे. १२ जानेवारी १९५५ रोजी ते सादर झाल्यावर मागणी इतकी झाली की ९ फेब्रुवारीस ते पुन्हा करण्यात आले. पुन्हा दाखवण्यात आले नाही, पुन्हा करण्यात आले. नटांनी पुन्हा उभे राहून संवाद म्हटले. मराठी नाट्यव्यवहारात ‘प्रयोग’ या संज्ञेने जे अभिप्रेत असते (आणि ज्याची आपण शतके, सुवर्णमहोत्सव मोजतो) ते येथे दूरचित्रवाणीत अवतरले.

आता पुनरुज्जीवने पाहावीत. सीबीएसने ९ एप्रिल २००० रोजी ‘फेल सेफ’ थेट आणि कृष्णधवल सादर केले. चुकून सुटलेल्या अणुहल्ल्याचे हे कथानक काळाच्या पाठलागावरच उभे असल्याने थेटपणा येथे केवळ अलंकार ठरत नाही, हे मान्य करावयास हवे. पण संहिता १९६२च्या कादंबरीवर आणि १९६४च्या चित्रपटावर आधारलेली. कृष्णधवल रंग हा तर निव्वळ अवतरणचिन्हासारखा. एनबीसीने २०१३मध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’ थेट सादर केले तेव्हा प्रेक्षक १ कोटी ८०लाखांहून अधिक होते. पण ओळखीची गाणी ऐकण्यासाठी जमणे आणि अनोळखी नाटकापुढे बसणे हे दोन वेगळे ग्रहणव्यवहार आहेत. जून २०२५मध्ये सीएनएनने ‘गुड नाइट, अँड गुड लक’ ब्रॉडवेवरून थेट दाखवले. त्याचेही मूळ २००५च्या चित्रपटात. ‘मार्टी’ १९५३मध्ये दूरचित्रवाणीवर जन्मले आणि १९५५मध्ये चित्रपट झाले. हा प्रवास आता उलटा झाला आहे. दूरचित्रवाणी येथे उगम नाही, पुनरावृत्तीचे स्थळ आहे.

याचा अर्थ जुने युग निष्कलंक होते असा नव्हे. एमेट टिल याच्या १९५५मधील हत्येतून सुचलेले सर्लिंग यांचे ‘नून ऑन डूम्सडे’ (१९५६) दक्षिणेतून न्यू इंग्लंडमध्ये हलवावे लागले. ‘जजमेंट अॅट न्युरेंबर्ग’च्या १९५९च्या प्रक्षेपणात छळछावण्यांतील ‘गॅस’चा उल्लेख निःशब्द करण्यात आला, कारण प्रायोजक गॅसउद्योगाची संघटना होती. प्रायोजकाचा हात थेटपणाने आखडत नाही, हे यातून दिसते. तरीही तो हात ज्यावर पडत होता ती संहिता नवी होती, आपल्या काळाशी भांडणारी होती. परिचित कृतीच्या थेट सादरीकरणात प्रायोजकाला खोडण्यासारखे फारसे काही सापडतच नाही. नटाची जीभ अडखळेल काय, एवढाच धोका तेथे शिल्लक राहतो.