एका खटल्याचे दोन निकाल

न्यायालयाचा निकाल हेही एक प्रकारचे गद्यच होय. त्यातही विचाराची मांडणी आणि शब्दांचा तोल पाहावा लागतो. प्राध्यापक जी. एन. साईबाबा व इतर पाच जणांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेले दोन निकाल ह्या दृष्टीने एकत्र वाचण्याजोगे आहेत. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने २०१७ साली नक्षलवाद्यांशी संबंध ठेवल्याबद्दल सहाही जणांस शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती १४ ऑक्टोबर २०२२ रोजी आणि फिरून ५ मार्च २०२४ रोजी रद्द केली.

बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा मूळचा १९६७ चा. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर तो कडक झाला व जामीन दुर्लभ झाला. परंतु त्याच दुरुस्तीने एक कुंपणही घातले. स्वतंत्र अधिकाऱ्यांनी पुरावा तपासावा, मगच सरकारने खटल्यास मंजुरी द्यावी. येथे साईबाबांविषयीची मंजुरी आली ती आरोप ठेवून एक साक्षीदार तपासल्यानंतर! पहिला निकाल ह्या मंजुरीच्या दोषावरच थांबला. त्याचा युक्तिवाद रेखीव आहे, पण पुराव्याविषयी तो मौन धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तो रद्द करून प्रकरण फेरसुनावणीस पाठविले. दुसऱ्या निकालाने मंजुरीबरोबर जप्तीचा पुरावाही पारखला व तो असिद्ध ठरविला. म्हणूनच आम्हांस तो अधिक भरीव वाटतो.

तांत्रिक चुकीमुळे आरोपी सुटू नयेत, असे म्हणणाऱ्यांचे भय पोकळ नव्हे. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस व एक वाहनचालक ठार झाले, हे कोण विसरेल? तथापि भद्रावतीच्या वाचकांस आयुधनिर्माणीचा शेजार आहे. जेथे स्फोटकांशी गाठ, तेथे धोका मोठा म्हणून नियम सैल होत नाहीत. उलट अधिक आवळले जातात. राज्यसत्तेच्या हातातील कठोर कायदा हेही तसेच द्रव्य होय.

ह्या खटल्यातील एक तरुण आदिवासी आरोपी निकालापूर्वीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, बंदिवासात वारला. साईबाबा सुटल्यावर सातच महिन्यांनी निवर्तले. कैद्यांची वर्षे गेली ती गेलीच. पण सुरक्षेच्या पदरी तरी काय पडले? कुंपण ओलांडून मिळविलेली शिक्षा टिकत नाही, हा ह्या दोन निकालांचा खरा बोध आहे, आणि तो पोलिसांच्याही हिताचा आहे.