अमूर्त बीजगणिताचे स्वाध्ययन : पूर्वतयारी आणि ग्रंथनिवड

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला अमूर्त बीजगणिताची गरज का भासावी, हा प्रश्न आता उरलेला नाही. चॉम्स्की आणि श्युत्सेनबेर्जे यांनी 1963 मध्ये संदर्भमुक्त व्याकरणांची बीजगणितीय मीमांसा केली, तेव्हापासून वाक्यरचनेच्या औपचारिक विचाराचा एक पाय बीजगणितात आहे. तथापि या विषयाचे अध्यापन गणितविभागाच्या भिंतींआड होत असल्यामुळे भाषेच्या विद्यार्थ्याला तो बहुधा एकट्यानेच शिकावा लागतो. असा विद्यार्थी एखादा कीर्तिमान ग्रंथ आणतो, पहिली चाळीस-पन्नास पृष्ठे उत्साहाने वाचतो आणि भागगटापाशी अडखळून ‘गणित हा आपला प्रांत नव्हे’ असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. दोष वाचकाच्या बुद्धीचा नसून पूर्वतयारीविषयीच्या गैरसमजाचा आणि ग्रंथनिवडीचा असतो.

प्रथम पूर्वतयारीचा विचार करू. विशेष पूर्वज्ञानाची आवश्यकता नाही, असे आश्वासन या विषयावरील अनेक ग्रंथ देतात. माहितीपुरते ते खरे आहे. कलनशास्त्र न शिकलेल्यालाही गटाची व्याख्या वाचता येते. परंतु व्याख्या वाचता येणे आणि ती वापरता येणे यांत मोठे अंतर आहे. गटाच्या व्याख्येतील दोन अटी पाहाव्यात. ‘असा एक घटक असतो, की तो प्रत्येक घटकाच्या बाबतीत अविकारक ठरतो’ ही एक; ‘प्रत्येक घटकासाठी असा एक घटक असतो, की तो त्याचा व्यस्त ठरतो’ ही दुसरी. दोहोंत ‘एक’ आणि ‘प्रत्येक’ हेच शब्द आहेत. भेद आहे तो त्यांच्या क्रमाचा. अविकारक सर्वांना मिळून एकच, व्यस्त मात्र ज्याचा त्याचा. मराठीत ‘प्रत्येकाला आपापला व्यस्त असतो’ असे म्हटले की हा भेद आपोआप प्रकट होतो. चिन्हांच्या भाषेत तो केवळ क्रमावरून ओळखावा लागतो. ही ओळख हीच खरी पूर्वतयारी होय. संच, प्रतिचित्रण, सममूल्यता-संबंध, गणिती विगमन आणि पूर्णांकांची विभाज्यता एवढ्या साहित्यावर सिद्धता लिहिण्याचा सराव झाला, म्हणजे पुढील वाट मोकळी होते.

आता ग्रंथांकडे वळू. व्हान डर वार्डेन यांच्या ‘मोडर्न आल्गेब्रा’चे दोन खंड 1930 व 1931 मध्ये प्रसिद्ध झाले. एमिल आर्टिन आणि एमी नोएथर यांच्या व्याख्यानांवर आधारलेल्या या ग्रंथाने विषयाची आजची मांडणी निश्चित केली. त्याचा डौल निर्विवाद आहे. परंतु तो ज्याला वाट ठाऊक आहे त्याच्यासाठी. बर्कहॉफ आणि मॅक्लेन यांचा 1941 चा ग्रंथ पूर्णांकांपासून आरंभ करतो आणि गटांकडे सहाव्या प्रकरणात येतो. परिचित वस्तूंवरच सिद्धतेची शिस्त बाणवणारा हा क्रम एकाकी वाचकाला विशेष हितकर आहे. विलंब हाच त्याचा गुण आहे.

हर्स्टाइन यांच्या 1964 च्या ‘टॉपिक्स इन अल्जिब्रा’ची कीर्ती त्यातील उदाहरणसंग्रहामुळे आहे, आणि ती सार्थ आहे. मात्र त्यात प्रतिचित्रण घटकाच्या उजवीकडे लिहिले जाते. इतर ग्रंथ सोबत वाचणाऱ्याला संयोगाचा क्रम उलटा दिसतो, आणि सांगणारा कोणी नसल्यास एक साधा संकेत त्याला स्वतःची चूक वाटू लागतो. मायकेल आर्टिन यांचा 1991 चा ग्रंथ सारणींपासून सुरू होतो. रेषीय बीजगणिताशी परिचय असणाऱ्याने तो अवश्य घ्यावा. पिंटर यांचे 1982 चे पुस्तक विद्वत्तेच्या दृष्टीने या सर्वांहून लहान, पण स्वाध्ययनासाठी सर्वांत सोयीचे आहे. त्याची प्रकरणे आटोपशीर आहेत आणि सिद्धांताचा मोठा भाग क्रमवार उदाहरणांतून वाचकाकडूनच उभा करून घेतला जातो.

ग्रंथाची कसोटी भागगटाच्या प्रकरणात लागते. सम आणि विषम या दोन वर्गांची बेरीज करताना कोणता प्रतिनिधी निवडला याने उत्तर बदलत नाही. परंतु तीन वस्तूंच्या क्रमबदलांच्या गटात, पहिल्या दोहोंची अदलाबदल आणि अविकारक एवढ्यांचाच उपगट घेतला, तर त्याच्या सहसंचांचा गुणाकार प्रतिनिधीनुसार बदलतो, म्हणजेच तो गुणाकार ठरतच नाही. हे अपयश आधी दाखवले, तर प्रसामान्य उपगटाची अट वाचकाला स्वतःलाच सुचते. न दाखवल्यास ती आकाशातून पडल्यासारखी वाटते.

एक उणीव मात्र बहुतेक आरंभिक ग्रंथांत समान आहे. भाषेच्या अभ्यासकाला प्रथम भेटणारी रचना गट ही नव्हेच. चिन्हांच्या माळा एकमेकींना जोडल्या असता साहचर्य टिकते, रिक्त माळ अविकारक ठरते. परंतु जोडलेले अक्षर दुसरे अक्षर जोडून पुसता येत नाही, म्हणून व्यस्त नसतो. ही व्यस्तहीन रचना हे ग्रंथ ओझरती उल्लेखून पुढे जातात. लँग यांचा 1965 चा प्रगत ग्रंथ तिच्यापासूनच आरंभ करतो, पण त्याची गती नवशिक्याला पेलणारी नाही.

यास्तव पिंटर यांच्यापासून आरंभ, जोडीला बर्कहॉफ-मॅक्लेन यांची पहिली प्रकरणे आणि त्यानंतर हर्स्टाइन, हा क्रम इष्ट दिसतो. माळांची रचना अभ्यासकाने प्रत्येक नव्या व्याख्येपाशी स्वतःच तपासावी : ही अट येथे टिकते काय, आणि न टिकल्यास काय गमावले जाते? वाचलेल्या पृष्ठांची संख्या नव्हे, तर या प्रश्नाची लिहून काढलेली उत्तरे हेच एकाकी अभ्यासाच्या प्रगतीचे खरे माप होय.