होशेय ११ : उलथलं ते काय?

मागच्या व्याख्यानात आपण आमोस वाचला. तिथला न्याय कठोर आहे, पण समजायला सोपा आहे. गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्यांना देव सोडणार नाही. आज होशेय घेऊ. हाही इस्राएलाच्या उत्तरेकडच्या राज्यातला, इ.स.पू. आठव्या शतकातला संदेष्टा. पण इथे न्याय सांगता सांगता देवाचाच आवाज अडखळतो.

आपल्या मंडळ्यांत या अध्यायावर साधारण दोन तऱ्हेचे उपदेश होतात. एका उपदेशात लेकराला चालायला शिकवणारा, वाकून घास भरवणारा बाप येतो आणि तिथून थेट आठव्या वचनावर उडी. मधली तलवार, अश्शूरचा राजा, देवापासून दूर जायची खोडच जडलेले लोक, हे सगळं गाळलं जातं. दुसऱ्या उपदेशात वाटणी असते : जुन्या कराराचा देव रागीट, नव्याचा प्रेमळ. ही वाटणी दुसऱ्या शतकात मार्कियनने केली आणि मंडळीने नाकारली, पण व्यासपीठावरून ती काही अजून गेली नाही, बरं का.

आता आठवं वचन नीट पाहू. देव स्वतःलाच विचारतो, एफ्राइमाला मी सोडू कसा, त्याला अदमा आणि सबोयिम यांच्यासारखं करू कसा? ही नावं आपण वाचून पुढे जातो. अनुवादाच्या एकोणतिसाव्या अध्यायात ती सदोम-गमोरांच्या जोडीने येतात. त्यांच्याबरोबर उलथून टाकलेली ही नगरं. या उलथण्याला हिब्रूत ‘हाफख’ हा धातू आहे. उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायात सदोमासाठी तोच, योना निनवेत घोषणा करतो तीतही तोच. आणि होशेय त्याच धातूचं क्रियापद पुढच्याच वाक्यात वापरतो, पण नगरासाठी नाही, देवाच्या अंतःकरणासाठी! नगर उलथायचं, त्याऐवजी आतून देवच उलथतो. भाषांतरांत एका ठिकाणी नाश, दुसऱ्या ठिकाणी खळबळ असे वेगळे शब्द येतात, म्हणून हे नातं आपल्या कानाला ऐकू येत नाही. आमच्या मते अख्ख्या अध्यायाचं वजन याच एका क्रियापदावर आहे.

नववं वचनही आपण उलट वाचतो. देव म्हणतो, मी देव आहे, माणूस नाही. आपल्याला वाटतं याचा अर्थ असा, की त्याला भावना नाहीत, तो अढळ आहे. संदर्भ मात्र वेगळंच सांगतो. माणूस संतापाच्या आहारी जातो. देव देव आहे म्हणूनच जात नाही. अब्राहाम योशुआ हेशेल या यहुदी विचारवंताने १९६२ साली संदेष्ट्यांवरच्या इंग्रजी ग्रंथात देवाच्या या हळवेपणाची बाजू जोरकसपणे मांडली. ख्रिस्ती वाचकाने ती एका यहुद्याकडून शिकावी, यात आम्हाला काही कमीपणा वाटत नाही.

आता अवघड प्रश्न. मग शोमरोन वाचलं का? नाही. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने ते घेतलं, लोक पांगवले. अकराव्या वचनातले पक्षी घरट्याकडे परततात, पण उत्तरेचं राज्य पुन्हा कधी उभं राहिलं नाही. म्हणजे देवाची करुणा ही शिक्षा रद्द केल्याची पावती नव्हती. मयताच्या घरी जाऊन ‘देवाने न्याय केला’ म्हणणाऱ्याला हा अध्याय थांबवतो, कारण इथे न्याय करणाऱ्याचंच काळीज फाटतं. पण त्याच घरात ‘देव प्रेमळ आहे, सगळं ठीक होईल’ असं सहज बोलून जाणाऱ्यालाही तो थांबवतो.

ख्रिस्ती म्हणून आपण इथे घाईने वधस्तंभाकडे धावतो. मत्तयाने या अध्यायातलं पहिलंच वचन येशूला लावलं, मिसरातून बोलावलेला पुत्र म्हणून. संदर्भ सोडून लावलं, अशी टीका त्याच्यावर होते आणि ती अगदीच खोटी नाही; होशेय तिथे मागे घडलेली गोष्ट सांगतोय, भाकीत करत नाहीये. तरी मत्तयाने पूर्ण अध्याय मनात धरला असेल, असं आम्हाला वाटतं. हट्टी, फितूर मुलाला दगडमाराची शिक्षा अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. इथे बाप तो खटला दाखल करून स्वतःच मागे घेतो. मत्तयाच्या कथेत मात्र आज्ञाधारक मुलगाच शिक्षेखाली जातो. हे वाचन होशेयाच्या शब्दांतून निघतं असा दावा आपण करू नये. ते त्याच्या शब्दांवर उभं राहतं, इतकंच म्हणावं.

आणि होशेयही इथे थांबत नाही. दोनच अध्यायांनंतर, तेराव्याच्या चौदाव्या वचनात, मृत्यूला आणि अधोलोकाला हाक मारली जाते आणि करुणा देवाच्या डोळ्यांआड होते. ती हाक सोडवणुकीची की शिक्षेला बोलावणं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुढचा-मागचा मजकूर पाहता आम्हाला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. पौलाने १ करिंथ १५ मध्ये तेच शब्द घेऊन मृत्यूची थट्टा केली. पौलाचं वाचन आधी कानात बसल्यामुळे होशेयातली धमकी आपल्याला ऐकूच येत नाही. पुढच्या वेळी येताना तेरावा अध्याय घरून वाचून या, पौल बाजूला ठेवून.