सात दिवसांची परीक्षा, हजारो वर्षांचा निकाल?

अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या सॅव्हाना रिव्हर इथे १९९६ पासून अतिकिरणोत्सारी कचरा बोरोसिलिकेट काचेत मिसळून स्टीलच्या पिंपांत ओततात. पाण्याशी गाठ पडली तर ही काच कितपत विरघळेल? त्यासाठीची ठरलेली चाचणी म्हणजे ‘प्रॉडक्ट कन्सिस्टन्सी टेस्ट’. काच कुटायची, ७५ ते १५० मायक्रॉनची पूड चाळून धुवायची, ग्रॅममागे १० मिलिलिटर शुद्ध पाणी घालायचं आणि ९० अंश सेल्सियसला ७ दिवस ठेवायचं. मग पाण्यात बोरॉन, लिथियम, सोडियम किती उतरलं ते मोजायचं. ‘ईए’ या संदर्भ-काचेपेक्षा स्पष्टपणे कमी उतरलं, की काच पास.

चाचणी सोपी आणि कामाची आहे. माझा आक्षेप आहे तो निकाल वाचण्याच्या पद्धतीवर. नाव नीट बघा: त्यात सातत्य आहे, टिकाऊपणा नाही.

होतं काय, तर पूड भरपूर, पाणी थोडं. पाण्यात सिलिका लवकर साठते, काचेवर जेलचा थर धरतो आणि झीज मंदावते. पण काही काचांवर पुढे झिओलाइटचे स्फटिक वाढतात. ते सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतात आणि झीज पुन्हा वेग घेते. सात दिवसांत हे दिसेलच असं नाही.

म्हणजे ‘पास’चा अर्थ एवढाच, की ही काच ईएपेक्षा सरस आहे. हजारो वर्षांबद्दल बोलायचं तर वर्षानुवर्षं चालणाऱ्या चाचण्या आणि झिजेची यंत्रणा सांगणारं मॉडेल, दोन्ही लागतं. तेव्हा एखाद्या पेपरात नुसतं ‘टिकाऊ’ वाचलंत, तर आधी विचारा: किती दिवसांच्या चाचणीवरून?