‘अष्टपैलू’ म्हणून सुटका नाही

मराठी नाट्यसमीक्षेत ‘अष्टपैलू’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. नटाने एखादे नाटक लिहिले, बसवले, वर एखाद्या चित्रपटात कामही केले की हा शब्द त्याच्या गळ्यात पडतो आणि चर्चा तिथेच मिटते. त्याने किती कामे केली, एवढेच हा शब्द मोजतो. एकात भागत नव्हते म्हणून दुसरे करावे लागले का, हे तो विचारत नाही. आपल्याकडच्या अनेक नटांनी लेखणी उचलली ती हौसेपोटी नव्हे. त्यांना हवी असलेली भूमिका, भाषा किंवा मिळकत तयार नाटकांत नव्हती, म्हणून उचलली. हे मान्य केले तर त्यांच्या संहिताही आपल्याला वेगळ्या नजरेने वाचाव्या लागतील.

हा प्रश्न शिरवण्यात अधिक टोकदार होतो. जुईनगर स्थानकाजवळचे हे जुने आगरी गाव. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि पुढे त्याच्याभोवती अख्खे शहर उभे राहिले. नाटक पाहायचे तर हार्बर रेल्वेने दोन स्थानके ओलांडून वाशीला जायचे. तिथल्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचे नाव आहे. पण त्या रंगमंचावर शिरवण्याची बोली ऐकू आलीच, तर बहुधा हशा मिळवण्यापुरती. जमीन गेलेल्या घरातला बाप त्या बोलीत गंभीरपणे बोलतो आहे, असे पात्र व्यावसायिक नाटकात शोधावे लागते. अशा गावातल्या नटाने भूमिकेची वाट पाहायची, की ती स्वतः लिहायची?

नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्यांच्यापासूनच उत्तर शोधता येते. 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले, तेव्हा भाव्यांनी आख्यानाची पदे रचली, पात्रांना शिकवले आणि सगळ्या खेळाची जुळवाजुळवही केली. सूत्रधार पदे गाई आणि पात्रे त्या प्रसंगातली भाषणे बहुतांशी आयत्या वेळी करत. म्हणजे लिहिलेला भाग आणि बोललेला भाग यांची वाटणी सुरुवातीपासूनच होती. आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन 1851 मध्ये वारल्यावर मंडळी घेऊन गावोगाव जाणे भाग पडले आणि 1853 मध्ये भाव्यांचे खेळ मुंबईत झाले. राजाश्रय गेला तेव्हा उरली ती त्यांची स्वतःची आख्याने आणि ती उभी करण्याची हातोटी. त्यांच्या पदांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ 1885 मध्ये छापला गेला. आज तो हातात घेतला तर खेळाचा सांगाडा दिसतो. पात्रांनी त्यात भरलेले मांस मात्र छापखान्यापर्यंत पोहोचलेच नाही. रंगकर्मी-लेखकाच्या बाबतीत मराठी साहित्याचा इतिहास जी चूक पुढे करत राहिला, तिचे मूळ मला इथे दिसते: जे छापले तेच लिहिले, असे आपण धरून चालतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा ते स्वतः सूत्रधार म्हणून उभे राहिले. त्यांच्याच मंडळीत घडलेले गोविंद बल्लाळ देवल नट होते आणि नटांचे शिक्षकही. ‘शारदा’मधली (1899) भाषा आजही तोंडात सहज बसते, याचे श्रेय आपण देवलांच्या प्रतिभेला देतो. ते खरेच आहे. पण ही प्रतिभा तालमीत झिजून तयार झालेली होती. कोणत्या शब्दावर नटाचा श्वास अडकतो, कोणते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, हे शिकवणाऱ्याला कळते. त्यांचे 1893 चे ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले आणि 1916 मध्ये, देवलांच्या निधनाच्याच वर्षी, रंगभूमीवर आले. एकच वस्तू दोन प्रकारच्या रंगभूमींसाठी पुन्हा घडवण्याची ही तयारी टेबलावरच्या लेखकापेक्षा तालीम घेणाऱ्या माणसाची वाटते.

पुढच्या काळातले उदाहरण मधुकर तोरडमलांचे. अहमदनगरला इंग्रजी शिकवणारा हा प्राध्यापक नट झाला, लेखक झाला, दिग्दर्शक झाला. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मधला प्राध्यापक बारवे त्यांनी स्वतःसाठी लिहिला आणि स्वतः गाजवला. त्याची ‘ह’ची बाराखडी प्रसिद्ध आहे. शब्द आठवला नाही, किंवा उच्चारायचा नसला, की बारवे त्या जागी ‘ह’ला काना-मात्रा लावून पुढे जातो आणि प्रेक्षक मनातल्या मनात हवा तो शब्द भरतात. छापील पानावर या युक्तीचे मोल जवळपास शून्य आहे. विनोद त्या अक्षरात नाहीच, त्याआधीच्या क्षणभराच्या थांबण्यात आहे. एरवी लेखक जिथे नेमका शब्द शोधतो, तिथे या लेखकाने मुद्दाम भोक ठेवले, कारण ते बुजवायला उद्या रंगमंचावर कोण उभे राहणार हे त्याला ठाऊक होते. अशा नाटकाला ‘वाङ्मयीन मूल्य कमी’ असे म्हणणारी समीक्षा चुकीच्या मापाने मोजते आहे.

मात्र या वाटेला एक सापळाही आहे आणि तो झाकून चालणार नाही. नट स्वतःसाठी लिहितो तेव्हा आपल्या हमखास जमणाऱ्या जागाच पुन्हा पुन्हा लिहिण्याचा मोह होतो. भोवतालची पात्रे त्याला टाळी मिळवून देण्यापुरती उरतात. शिवाय एखादी निर्मिती फार चालली की तीच त्याला बांधून ठेवते. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ 1979 पासून त्यांच्या 2009 मधल्या निधनापर्यंत त्यांच्याशी जोडलेले राहिले. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस पन्नासाहून अधिक पात्रे एकट्याने उभी करत असे. मराठवाड्याच्या बोलीला त्याने लंडनपर्यंत नेऊन पोहोचवले आणि तिच्यावर हसणाऱ्यांना तिच्यासोबत हसायला लावले. पण तेव्हा सगळ्यांना वाटे, हे यांच्याबरोबरच संपणार. तसे झाले नाही. संदीप पाठक यांनी ते पुढे रंगमंचावर उभे केले. दुसऱ्या नटाच्या अंगावर संहिता तग धरते, तेव्हा तिच्यात नटाच्या लकबीपलीकडचे काही लिहिले गेले होते हे सिद्ध होते. नट-लेखकाच्या नाटकाची हीच खरी परीक्षा आहे: मूळ नट गेल्यावर ते उरते का?

स्त्रियांच्या बाबतीत हा सगळा हिशेब अधिक कठोर आहे. हिराबाई पेडणेकर गायिका होत्या. कलावंत घराण्यात वाढल्या, गाणे आणि साहित्य दोन्ही त्यांनी मेहनतीने कमावले. त्यांचे ‘दामिनी’ 1912 मध्ये ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. पण त्या काळी स्त्रीभूमिका पुरुष करत. हिराबाईंची पदे रंगमंचावर गेली, आवाज बाहेरच राहिला. त्यांच्या आयुष्यावर पुढे वसंत कानेटकरांनी ‘कस्तुरीमृग’ लिहिले. ज्या बाईला स्वतः उभे राहण्याची जागा नव्हती, ती नाटकातले पात्र होऊन परत आली.

ही जागा मिळाल्यावर काय होते, ते सुषमा देशपांडे यांच्या कामात दिसते. आधी पत्रकारिता केलेल्या या लेखिकेने 1989 मध्ये ‘व्हय, मी सावित्रीबाई’ लिहिले आणि स्वतः सादर केले. सावित्रीबाई फुले समोर येऊन प्रेक्षकांशी थेट बोलू लागतात. शीर्षकातले ‘व्हय’ आपण सहज वाचून जातो, पण नाटकाचा सगळा निर्णय त्यात आहे. चरित्रग्रंथातल्या प्रमाण भाषेतून सावित्रीबाईंना सोडवून त्यांनी बोलीत आणले. पुढे तमाशा-लावणीतल्या स्त्रियांशी बोलून ‘तिच्या आईची गोष्ट’, संत कवयित्रींवर ‘बया दार उघड’, आणि 2017 मधल्या ‘अज्जी’ या हिंदी चित्रपटात प्रमुख भूमिका. याला अष्टपैलू म्हणणे सोपे आहे. मला त्यात एकच धागा दिसतो: ज्या बायकांचे म्हणणे दुसरे लोक सांगत आले, त्यांना प्रथमपुरुषी बोलायला लावणे. पत्रकाराचे ऐकणे, लेखिकेची निवड आणि नटीचे शरीर ही तीन कामे इथे वेगळी काढताच येत नाहीत. ‘व्हय, मी सावित्रीबाई’ पुढे तरुण अभिनेत्रींनीही केले. वर सांगितलेली परीक्षा याही नाटकाने पार केली.

या साऱ्यांतून एक गोष्ट निघते. विविधांगी कारकीर्द घडवण्याची योजना आधी कागदावर मांडून कोणी ती घडवली नाही. प्रत्येकाला एक उणीव टोचत होती: आश्रय, बोलता येईल अशी भाषा, बोली, आवाज. ती भरून काढताना कामे वाढत गेली. उणीव खरी होती तिथे संहिता टिकली. जिथे नुसती टाळीची सोय होती, तिथे नटाबरोबर संपली.

समीक्षेने आता दोन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. नट-लेखकाची संहिता छापताना तिच्यासोबत प्रयोगाच्या नोंदी छापाव्यात: थांबे, आयत्या वेळी बदललेली वाक्ये, गावागणिक फिरलेले उल्लेख. आणि अशा नाटकाबद्दल लिहिताना, ते कोणत्या अभावातून लिहिले गेले हा प्रश्न पहिला विचारावा. शिरवण्यासारख्या गावातला एखादा नट उद्या आगरीत नाटक लिहील, तेव्हा त्याच्या शुद्धलेखनाची आणि बांधणीची तपासणी होईलच. त्याआधी एवढे पाहावे, की त्याने जमीन गेलेल्या बापाला हशाशिवाय बोलू दिले का. दिले असेल, तर वाशीच्या रंगमंचावर त्याला जागा मागण्याचा हक्क आहे, आणि ते नाटक दुसऱ्या नटाच्या तोंडी जाईपर्यंत जपण्याची जबाबदारी आपली.