चष्मा आणि चवदार तळे

स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हासाठी २०१४ साली खुली स्पर्धा झाली. तीत कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे चिन्ह निवडले गेले. गांधीजींचा चष्मा, एका भिंगात ‘स्वच्छ’, दुसऱ्यात ‘भारत’ आणि दोहोंना जोडणाऱ्या दांडीवर तिरंगा. शाळकरी मुलानेही खडूने काढावे असे हे चिन्ह आम्हांस मनापासून आवडते.

तथापि महाडकरांच्या नजरेला त्यात एक उणीव जाणवते. येथील चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण व गोमूत्राने ते तळे ‘शुद्ध’ केले! स्वच्छता निराळी, सोवळे निराळे. या चिन्हात पाहणारा आहे, झाडणारा हात मात्र नाही. भिंतीवर चष्मा रंगविताना, वाचकहो, त्या हाताचा विसर पडू नये.